घरात झोपणारे पाच, पैसे ५५ हजार : हायब्रीड गादी कुणाला घ्यावी, कुणाला नको?

औसारोड
नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथं नुसतं वाचत होतो, आज स्वतःचं काम घेऊन आलोय.

आमच्या घरातल्या सगळ्या गाद्या एकदमच संपल्यात. आमची फोमची गादी लग्नातली, म्हणजे १९ वर्षांची. मधोमध खड्डा पडलाय, रात्रीतून दोघंही तिकडंच घसरतो. वडिलांची कापसाची गादी तीन वर्षं पिंजलेली नाही, कारण पिंजायला गावात येणारे काका आता येत नाहीत. मुलगी लातूरला नीटची तयारी करतीय. तिच्या खोलीवर मालकानं दिलेली गादी म्हणजे दोन इंचाचा स्पंज, खालची फळी बरगड्यांना लागते. सोयाबीनचे पैसे उशिरा का होईना हातात आले, त्यातले ५५ हजार बायकोनं गाद्यांसाठी म्हणून बाजूला काढलेत.

दुकानात गेलो तर जो तो 'हायब्रीड घ्या' म्हणायलाय. आमच्याकडं हायब्रीड म्हटलं की आधी ज्वारी डोळ्यापुढं येते. गादीतलं हायब्रीड नेमकं काय, ते कुणी नीट सांगितलं नाही. एका दुकानात १२ हजाराला हायब्रीड, शेजारच्यात ३८ हजाराला हायब्रीड. दोन्ही दिसायला सारख्याच.

माणसं अशी : मी ९४ किलो, उताणा झोपतो, घाम फार येतो. बायको ५४ किलो, कायम डाव्या कुशीवर, सकाळी खांदा अवघडतो म्हणते. वडील ७४ वर्षांचे, कंबर आणि गुडघे दोन्ही धरलेले. आई खाली वाकळेवरच झोपते, पलंग नको म्हणते. मुलगी १७ वर्षांची, मिळेल तशी झोपते. आमचा पलंग सामान ठेवायच्या पेटीचा, ७८ बाय ७२. खोली वरच्या मजल्यावर, स्लॅबखाली. उन्हाळ्यात कूलर. कुणाला काय घेऊ?

माजलगावचा_गादीवाला
दादा, धागा वाचला आणि तुमच्या पिंजणाऱ्या काकांपाशीच अडकलो. आम्ही पिढीजात पिंजारी. आजोबा पिंजण खांद्यावर घेऊन गावोगाव जायचे, वडिलांनी मशीन टाकलं, मी आता त्याच जागेत फोम आणि स्प्रिंगच्या गाद्या विकतो. कापूस अजून सोडलेला नाही.

हायब्रीड म्हणजे खाली स्प्रिंगा आणि वर फोमचा नाहीतर लॅटेक्सचा जाड थर. वजन स्प्रिंगा पेलतात, अंगाला मऊपणा वरचा थर देतो. एवढंच. पण स्प्रिंगा दोन जातीच्या येतात आणि तुमच्या १२ हजार-३८ हजाराचा पहिला उलगडा तिथंच आहे.

एक बोनेल. डमरूसारखी, मधे बारीक, वरखाली रुंद. सगळ्या स्प्रिंगा तारेनं एकमेकींना बांधलेल्या असतात. एकीकडं दाबलं की शेजारची पण हलते. एकजण कूस बदलला की दुसऱ्याला कळतं आणि काही वर्षांनी कुरकुर सुरू होते. दुसरी पॉकेट. यात प्रत्येक स्प्रिंग स्वतःच्या कापडी पिशवीत शिवलेली असते, जिच्यावर भार पडला तीच दबते. बोनेलवर दोन इंच फोम टाकला तरी लोक हायब्रीड म्हणून विकतात. ते खोटं आहे असं मी म्हणणार नाही, पण गिऱ्हाईकाच्या मनात हायब्रीड म्हणजे पॉकेट असतं, आणि त्याला कुणी सांगत नाही.

ओळखायचं कसं? गादीच्या मधे तळहात टेकवून जोरात दाबा, आणि बरोबरच्या माणसाला दीड फुटावर हात ठेवायला सांगा. त्याच्या हाताखाली गादी डुलली तर बोनेल. आणि दुकानदाराला उंची विचारूच नका. १० इंच ही उंची नुसत्या हलक्या फोमनंही गाठता येते. विचारा की स्प्रिंग किती इंच, वरचा थर किती इंच आणि त्या थराची घनता किती. घनता घनमीटरला किलोत सांगतात. एचआर म्हणजे हाय रेझिलियन्स, दाबून सोडला की लगेच उसळून वर येणारा फोम. तो ४० च्या आसपास असला तर टिकतो. २५-२८ चा असला तर तुमच्या वजनाखाली दोन वर्षांत बसेल. तुम्ही ९४ किलो म्हणालात म्हणून हे मुद्दाम सांगतो.

औसारोड
भाऊ, हेच कुणी सांगत नव्हतं. काल ज्या दुकानात गेलो तिथं घनता विचारल्यावर त्यानं 'एकदम हाय डेन्सिटी' एवढंच सांगितलं.

माजलगावचा_गादीवाला
आकडा सांगत नसेल तर कापलेला नमुना मागा. बहुतेक कंपन्या दुकानाला गादीचा उभा काप देतात, त्यात सगळे थर दिसतात. तोही नसेल तर दुसरं दुकान बघा.

जालन्याचा_लोखंडी
मी गादीवाला नाही, पण तारेचं काम जन्मभर केलंय म्हणून दोन शब्द. स्प्रिंगची संख्या सांगून भुलवतात. संख्येइतकाच तारेचा गेज महत्त्वाचा. गेजचा आकडा जितका लहान तितकी तार जाड, म्हणजे १३ गेजची तार १५ गेजपेक्षा जाड असते. जड माणसाला जाड तार हवी. बारीक तारेच्या हजार स्प्रिंगा घातल्या तरी ९४ किलोचं कंबरडं ती गादी उचलून धरणार नाही. उलट ५४ किलोच्या बाईला जाड तारेची गादी दगडासारखी लागेल, कारण तिच्या वजनानं स्प्रिंग दबणारच नाही.

बाकी ही पिशवीतली स्प्रिंग नवी नाही. जेम्स मार्शल नावाच्या माणसानं १९०० च्या सुमारास तिचं पेटंट घेतलं होतं. आपल्याकडं घरोघरी आत्ता यायलीय.

मास्तर_परभणी
वरच्या थराबद्दल मी सांगतो, कारण तिथं आम्ही चुकलो.

आम्ही तीन वर्षांपूर्वी पॉकेट स्प्रिंग आणि वर तीन इंच मेमरी फोम अशी गादी घेतली. घेतली दिवाळीत. दुकानात मऊ लागली होती, घरी जानेवारीत पाटासारखी लागू लागली. परभणीचा गारठा तुम्हाला माहीत आहे, पहाटे पारा दहाच्या खाली जातो. आम्हाला वाटलं गादी फसवी निघाली. मग एप्रिल आला आणि तीच गादी इतकी ढिली पडली की माणूस आत रुतायचा, कूस बदलायला जोर लावावा लागायचा, आणि अंगाभोवती ऊब साठून राहायची. तेव्हा नीट वाचून काढलं. मेमरी फोमचा स्वभावच तो आहे. १९६६ साली चार्ल्स योस्ट यांनी तो नासासाठी विमानातल्या आसनांकरिता तयार केला. तो उष्णतेनं मऊ होतो, थंडीनं घट्ट होतो. अंगाच्या उबेनं वितळल्यासारखा होऊन शरीराचा आकार घेतो, हा त्याचा गुण. बारा महिने एकसारखं तापमान असलेल्या खोलीत तो गुणच राहतो. आपल्याकडं एकाच वर्षात ८ अंशही बघायचे आणि ४३ही. स्लॅबखालच्या खोलीत रात्री अकराला भिंत हाताला चटका देते, तिथं तो थर माणसाला शिजवतो.

खालच्या स्प्रिंगांमधून हवा खेळते हे खरं आहे, निव्वळ फोमच्या गादीपेक्षा हायब्रीड गार राहते हेही खरं. पण हवा खेळते खाली, आणि आपण झोपतो वर. वरचा थर तीन इंचाचा मेमरी फोम असला तर खालच्या हवेचा उपयोग निम्मा होतो. 'जेल' लिहिलेलं असतं, त्याचा गारवा आडवं झाल्यावर थोडा वेळच जाणवतो, मग अंग आणि जेल एकाच तापमानाला येतात.

औसारोड, तुम्हाला घाम फार येतो म्हणालात. मेमरी फोम घ्यायचाच असेल तर एक इंचाच्या वर नको. त्याऐवजी लॅटेक्स नाहीतर साधा चांगल्या घनतेचा एचआर फोम.

धाराशिवची_लेक
मास्तर, लॅटेक्स म्हणजे रबराच्या झाडाचा चीक ना? मला रबरी हातमोज्यांची ॲलर्जी आहे. मी अशी गादी वापरू शकते का?

मास्तर_परभणी
ताई, तुम्ही टाळलेलीच बरी. हायब्रीडमध्ये वरचा थर एचआर फोमचाही मिळतो. आणि हो, लॅटेक्स रबराच्या चिकाचाच असतो, पण कृत्रिम रबर मिसळलेलाही विकतात. 'नैसर्गिक' लिहिलं असेल तर किती टक्के ते विचारावं.

नांदेडची_फिजिओ
मी वजिराबादमध्ये प्रॅक्टिस करते. रोज किमान दोन रुग्ण विचारतात, 'मॅडम, कडक गादी घेऊ ना?' आपल्याकडं पाठदुखी म्हटली की फळीवर झोपा हा सल्ला घरातूनच मिळतो. तो सगळ्यांना लागू पडत नाही. २००३ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये स्पेनमधला एक अभ्यास आला होता. जुनी कंबरदुखी असलेल्या ३१३ जणांना दोन गटांत विभागून एका गटाला कडक आणि दुसऱ्याला मध्यम-कडक गादी ९० दिवस दिली. कुणाला कोणती मिळाली ते त्यांना सांगितलं नव्हतं. अंथरुणात असतानाचं दुखणं, उठतानाचं दुखणं आणि दिवसभराच्या हालचाली या तिन्हींत मध्यम-कडक गादीवाल्यांना जास्त आराम पडला. मी तेव्हापासून फळी सांगणं बंद केलं.

आता तुमच्या घरची माणसं. तुम्ही उताणे झोपता, वजन जास्त. तुम्हाला मध्यम-कडक किंवा त्याहून थोडी कडक. मऊ गादीत नितंब खाली जातात, कमरेला बाक येतो. तुमच्या सौ. कुशीवर झोपतात. कुशीवर सगळं वजन खांदा आणि कुल्ला या दोन ठिकाणी येतं, म्हणून तिथं गादीनं थोडं आत जाऊ द्यायला हवं. कडक गादी खांद्याला वर ढकलते, सकाळी तो अवघडतो. त्यांचं दुखणं मला तरी गादीपासूनच वाटतं, शिवाय उशी फार पातळ आहे का तेही पाहा. कुशीवरच्या माणसाला खांद्याच्या रुंदीएवढी उशी लागते. पालथं झोपणारं घरात कुणी असेल तर त्यांना मात्र कडक गादी आणि अगदी पातळ उशी.

आणि वडिलांसाठी हायब्रीडचा हट्ट धरू नका. मी आधी उंची मोजायला सांगते. पलंगाच्या कडेला बसल्यावर दोन्ही तळपाय जमिनीवर सपाट टेकले पाहिजेत, तरच दुखऱ्या गुडघ्यांनी माणूस न झोकांडता उठतो. १८ इंचाच्या पलंगावर १० इंचाची गादी घातली तर पाय लोंबकळतात. रात्री लघवीला उठताना तिथंच पडणं होतं. दुसरं, गादीची कड. वयस्क माणूस कडेवर बसून हातानं जोर देऊन उठतो. कड दबणारी असेल तर घसरतो. तुमच्या वडिलांना कडेला घट्ट अशी पाच-सहा इंचांची एचआर फोमची गादी, खाली रिबॉन्डेड फोमचा थर, ही पॉकेट स्प्रिंगपेक्षा जास्त उपयोगी.

एक मात्र लक्षात ठेवा. पायाला मुंग्या, पाय लुळा पडणं, लघवीवरचा ताबा जाणं यातलं काही असेल तर गादीचा विचार नंतर, डॉक्टर आधी.

माजलगावचा_गादीवाला
मॅडम, तुमचं पटलं, पण एक भर घालतो. रिबॉन्डेड म्हणजे फोमचे तुकडे दाबून केलेली लादी. ती वजनाला जड आणि कडक असते, घनता ८० ते १०० असते. ती खाली ठीक. पण काही ठिकाणी सगळी गादी तिचीच करून वर 'ऑर्थो' लिहितात आणि म्हाताऱ्या माणसाला तेच देतात. वरचा निदान दीड-दोन इंच थर मऊ असल्याशिवाय घेऊ नका. 'ऑर्थोपेडिक' हा शब्द कुणीही छापू शकतो. त्यावर विश्वास ठेवून माझ्याकडं येणारे आई-बाप पाहिले की वाईट वाटतं.

औसारोड
ताई, वडिलांचा पलंग मोजला. १७ इंच. सहा इंचाची गादी घातली की २३ होतील. वडील फार उंच नाहीत.

नांदेडची_फिजिओ
मग पाच इंचाचीच घ्या, आणि ऑर्डर देण्याआधी पलंगावर तेवढ्या उंचीची जुनी गादी-चादर रचून त्यांना बसवून पाहा. पाय टेकले नाहीत तर सुतार पलंगाचे खूर दीड-दोन इंच कापून देतो.

सिडको_एन७
नवरा-बायकोच्या गादीचं उत्तर मी देतो. आमच्या घरात हाच प्रश्न होता : मी ८८ किलो, बायको ५१. एक ७८ बाय ७२ ची गादी घेतली असती तर कुणीतरी एकजण कायम त्रासात राहिला असता. आम्ही ७८ बाय ३६ च्या दोन घेतल्या आणि एकाच पलंगावर शेजारी शेजारी घातल्या. दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच उंचीच्या, पण माझी कडक आणि तिची मऊ थराची. वरून एकच मोठी चादर. मधली फट पहिले आठ दिवस जाणवली, नंतर दोन्ही गाद्यांना मिळून एक रुंद पट्टा बांधला आणि प्रश्न मिटला. जिन्यातून वर नेतानाही सोपं गेलं. ७२ इंची पॉकेट स्प्रिंगची गादी चार माणसांनी उचलावी लागते आणि आमचा जिना अरुंद.

दुसरी गोष्ट सांगताना अजून राग येतो. त्याआधी आम्ही एक गादी ऑनलाइन मागवली होती, १० वर्षांच्या वॉरंटीची. दीड वर्षात माझ्या बाजूला बसली. तक्रार केली तर फोटो मागितले. दोरी ताणून खड्डा मोजायला लावला, पाऊण इंच भरला. म्हणाले वॉरंटी एक इंचाच्या वरच्या खड्ड्याला आहे. सहा महिन्यांनी सव्वा इंच झाला तेव्हा म्हणाले, गादीवर चहाचा डाग आहे, वॉरंटी रद्द. कंपनीचं नाव लिहीत नाही. पण वॉरंटीच्या कागदावर या दोन ओळी बारीक अक्षरात होत्या आणि मी त्या वाचल्या नव्हत्या. म्हणून गादी आल्याच्या पहिल्या रात्रीपासून वर प्रोटेक्टर, म्हणजे डाग अडवणारी खोळ, घाला. पक्कं बिल जपून ठेवा. अडवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोग आहेच.

शंभर रात्री वापरून परत करा, असं बऱ्याच कंपन्या म्हणतात. पण परत न्यायला त्यांची गाडी तुमच्या पिनकोडला येते का, ते आधी लेखी विचारा. संभाजीनगरात येते, माझ्या सासुरवाडीला कन्नड तालुक्यात आली नव्हती.

हिंगोलीकरीण
प्रोटेक्टर घेताना सारखा धुवायला लागणार नाही आणि पटकन वाळेल असाच पातळ घ्या. जाड रजईसारखा घेऊन बसलो तर धुवायला दोन बादल्या जास्त पाणी लागतं. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. त्या उन्हाळ्यात आम्ही लातुरातच होतो, चादर धुवायची तरी विचार करायचो. ती सवय अंगात राहिलीय.

अजून एक, विषयाला थोडं सोडून. घरात तान्हं बाळ येणार असेल तर त्याला या मऊ हायब्रीडवर अजिबात झोपवू नका. बाळाला सपाट आणि घट्ट जागा लागते. तोंड रुतेल असा मऊ थर, जाड उशी, गुबगुबीत रजई काहीही नको. माझ्या जावेनं हौसेनं मेमरी फोमवर झोपवलं होतं, आमच्या डॉक्टरांनी लगेच बंद करायला लावलं.

औसारोड
दोन गाद्यांची कल्पना बायकोला वाचून दाखवली. लगेच म्हणाली, हेच करायचं. मग आमच्या पलंगाकडं बघितलं. पेटीवरची फळी मधे थोडी वाकलीय. चालेल का?

जालन्याचा_लोखंडी
नाही चालणार. स्प्रिंगची गादी खालच्या आधाराइतकीच सरळ राहते. वाकलेल्या फळीवर घातली तर सहा महिन्यांत वरही खड्डा दिसेल आणि तुम्ही गादीला दोष द्याल. फळी बदला, किंवा निदान मधे आडवी पट्टी टाकून आधार द्या. पट्ट्यांचा पलंग असेल तर दोन पट्ट्यांत तीन इंचांच्या वर फट नको. लोखंडी जाळीच्या पलंगावर आणि बाजेवर हायब्रीड घालूच नका, झोळ येतो.

पेटीच्या पलंगाला खालून हवा मिळत नाही. सुताराकडून फळीला दहा-बारा ठिकाणी एक-एक इंचाची भोकं पाडून घ्या. तुमच्याकडं कूलर आहे म्हणून हे जास्त महत्त्वाचं. बंद खोलीत कूलर चालवला की दमट हवा गादीत मुरते. कूलर लावल्यावर एक खिडकी उघडी ठेवलीच पाहिजे. गारवाही त्यानंच येतो.

मास्तर_परभणी
दमटपणावरून आठवलं. आपल्याकडं उन्हाळ्यात गाद्या गच्चीवर उन्हाला घालायची रीत आहे. कापसाच्या गादीला ती अमृतासारखी : ओल जाते, ढेकूण मरतात, कापूस फुलतो. फोमला आणि लॅटेक्सला मात्र कडक ऊन खातं. फोम पिवळा पडून भुसभुशीत होतो, लॅटेक्स कडक होऊन त्याचा चुरा पडतो. या गाद्यांना सावलीतली हवा द्यायची. खोलीत भिंतीला उभी करून पंखा लावला तरी पुरे. आमच्या शेजाऱ्यांनी लॅटेक्सचा थर मे महिन्यात गच्चीवर वाळत घातला आणि तो वाया गेला. २६ हजाराची वस्तू होती, त्यांची चूक एवढीच की आईनं शिकवलं तसं केलं.

आणि हायब्रीड उलटी घालायची नाही. मऊ थर एकाच बाजूला असतो. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी डोक्याची बाजू पायाकडं फिरवायची.

हणेगावकर
सगळं वाचलं. मला विचाराल तर गादी कापसाचीच. आपण कापूस पिकवणारी माणसं. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राचं 'नांदेड-४४' हे संकरित वाण १९८४ साली आलं आणि आमच्या घराला त्यानं उभं केलं. त्याच घरात प्लास्टिकचा फोम का आणायचा? माझे वडील ८१ व्या वर्षी कापसाच्या गादीवर झोपून रोज शेतात जायचे.

नांदेडची_फिजिओ
काका, कापसाला मीही नाही म्हणत नाही. चांगली पिंजलेली, घट्ट भरलेली गादी मध्यम-कडकच असते. अडचण एवढीच की ती वर्षा-दीड वर्षानं पिंजावी लागते. पिंजली नाही की गोळे होतात, आणि मग कंबर जिथं टेकते तिथं खड्डा आणि शेजारी गाठ. औसारोडच्या वडिलांचं तेच झालंय.

हणेगावकर
पिंजणारेच राहिले नाहीत, हे मात्र खरं आहे ताई. आमच्या गावात १५ वर्षांपूर्वी दोन घरं होती, आता एक पण नाही.

माजलगावचा_गादीवाला
काका, आहेत अजून. मी आहे. औसारोड दादांच्या आई खाली झोपतात म्हणून सांगतो : जमिनीवर रोज घालायला-काढायला कापसाचीच गादी बरी. फोमची गादी सतत फरशीवर ठेवली की खालून ओल धरते, पावसाळ्यात बुरशी येते. कापसाची सकाळी गुंडाळून ठेवता येते. आठ-नऊ किलो कापसात सिंगल गादी छान भरते. नुसता नवा कापूस नको, जुना चांगला असेल तर पिंजून त्यात दोन-तीन किलो नवा घालू. जुन्या कापसाला बसण असते.

औसारोड
वडिलांच्या जुन्या गादीतला कापूस वापरता येईल?

माजलगावचा_गादीवाला
येईल. पाठवा.

विद्यार्थी_लातूर
काका, तुमच्या मुलीबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. मी पण इथं खोलीवर राहतो, दुसरं वर्ष. आमच्या खोल्यांतले पलंग बहुतेक ७२ बाय ३० चे असतात. दुकानात सिंगल म्हणजे ३६ ची देतात, ती कडेनं लोंबते. आधी मोजून घ्या. आणि आम्ही त्याच पलंगावर बसून सहा-सात तास अभ्यास पण करतो, त्यामुळं एकाच जागी दबते. हायब्रीड वगैरे नको, महाग पण पडते आणि खोली बदलताना नेता येत नाही. चार-पाच इंचाची, दोन्ही बाजूंनी वापरता येणारी, एका बाजूला मऊ आणि एका बाजूला कडक अशी फोमची मिळते. कडक बाजू वर ठेवून अभ्यास, मऊ बाजू झोपायला असं आम्ही नाही करत, पण महिन्याला उलटली तर जास्त टिकते. जुनी वापरलेली गादी मात्र घेऊ नका. निघून जाणारी मुलं पाचशे रुपयांत विकतात आणि त्यातून ढेकूण येतात. माझी परीक्षेच्या आधीची एक महिना झोप त्यात गेली.

औसारोड
बाळा, फार उपयोगाचं लिहिलंस. तुला परीक्षेसाठी शुभेच्छा. उद्या मुलीला पलंग मोजायला सांगतो.

सिडको_एन७
दुकानात जाल तेव्हा दोघंही जा आणि घरी झोपता त्याच स्थितीत १५ मिनिटं पडून राहा. लाजू नका. उताणं पडून कमरेखाली हात घाला. हात सहज आरपार जात असेल तर गादी कडक, घालायलाच जमत नसेल तर मऊ, थोडं घासत जात असेल तर तुमची. आणि दोन कंपन्यांत घासाघीस करताना एक ध्यानात ठेवा : २०२३ मध्ये कर्ल-ऑन ही स्लीपवेलवाल्या शीला फोमनं विकत घेतली. त्या दोन नावांत आता स्पर्धा कमी, तिसऱ्या कंपनीचा भाव हातात ठेवून बोला.

औसारोड
मंडळी, पाच आठवड्यांनी लिहितोय. मुद्दाम थांबलो, वापरून सांगावं म्हणून.

आमच्यासाठी ७८ बाय ३६ च्या दोन, आठ इंची, पॉकेट स्प्रिंगच्या. माझ्यावर दोन इंच ४० घनतेचा एचआर फोम, १४,२००. तिच्यावर दोन इंच लॅटेक्स, १६,५००. वडिलांना पाच इंची, एचआर खाली रिबॉन्डेड, ८,४००. मुलीचा पलंग खरंच ३० इंचाचा निघाला, तिची साडेचार हजाराला पडली आणि पोहोचवायचे ३००. आईची कापसाची अजून व्हायचीय, तिला ३,२०० धरलेत. प्रोटेक्टर चार, ३,६००. सुतार आणि फळी १,८००, टेम्पो ९००. बेरीज ५३,४००.

पहिले चार-पाच दिवस गादीला वास होता, खिडक्या उघड्या ठेवल्यावर गेला. माझी पहिल्या आठवड्यात कडक वाटली, आता तीच बरी वाटते. घाम येतो, पण पूर्वीसारखी पाठ चिकटत नाही. मी रात्री पाण्याला उठतो ते बायकोला कळत नाही, ही तिच्या दृष्टीनं सगळ्यात मोठी गोष्ट. खांदा पूर्ण थांबला नाही, निम्म्यावर आलाय. ताईंनी सांगितल्याप्रमाणं उशी बदलली तेव्हा जास्त फरक पडला.

वडिलांच्या पलंगाचे खूर दीड इंच कापले. आता ते कडेला बसून पाय टेकवतात आणि हाताचा जोर देऊन एकटेच उठतात. आधी रात्री मला हाक मारायचे. मागच्या आठवड्यात हाक आलीच नाही म्हणून मी घाबरून खाली गेलो, तर ते अंगणात तोंड धूत होते.

नांदेडची_फिजिओ
दादा, हे वाचून फार बरं वाटलं. त्यांना सकाळी उठताना आधी कुशीवर वळून, पाय खाली सोडून मग उठायला सांगा. सरळ उताणं उठू नये.

औसारोड
सांगतो ताई. गादीवाले भाऊ, वडिलांच्या जुन्या गादीचा कापूस भरून तयार आहे, सहा किलो भरला. मंगळवारी माजलगावला नातेवाइकाची गाडी येतीय, तिच्यात पाठवू का?

माजलगावचा_गादीवाला
पाठवा. तीन किलो नवा घालतो, गुरुवारपर्यंत पिंजून भरून टाके घालून ठेवतो. खोळीला लाल पट्ट्याचं आणि निळ्या पट्ट्याचं दोन्ही कापड आहे, आईंना कोणतं आवडेल ते तेवढं विचारून कळवा.